भाकरीतली साखर

“दिवसाला किती भाकरी खाता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“सकाळच्याला तीन, दुपारच्याला तीन,” मामंजी छाती काढून म्हणाले. “रातच्याला भूक आसंल तशी. कामाच्या दिवसांत मोजतंय कोन!”

त्यांना वाटलं, बाई शाबास म्हणतील. आमच्याकडे गड्याची पारख त्याच्या ताटातल्या चवडीवरून होते. दोन भाकरीत उठला तर आजारी आहेस का म्हणून विचारतात. डॉक्टरीणबाईंनी मात्र पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

संगमनेरचा हा दवाखाना आम्हाला आता पाठ झाला होता. मामंजी म्हणजे माझे सासरे, पुंजाराम. प्रवरेच्या काठच्या सात-आठ गावांत त्यांना पुंजाबा गुळव्या म्हणूनच ओळखतात. उसाच्या रसाचा काहिलीत, म्हणजे गुऱ्हाळावरच्या मोठ्या कढईत, गूळ कधी झाला, हे सांगणारा माणूस तो गुळव्या. मागच्या हंगामात उकळत्या पाकाचा शिंतोडा त्यांच्या उजव्या पायावर उडाला. असे शिंतोडे त्यांनी जन्मभर झेललेले. पण हा चट्टा भरेना. करंगळीपाशी चिघळत राहिला, आणि दिवाळी आली तरी ओलाच.

कंपाउंडरने काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात मामंजींच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता विटकरी. मामंजी पुढे वाकून टक लावून बघत होते.

“उतरवा, उतरवा! ह्यो पाक फुडं गेला!”

कंपाउंडर हसला. डॉक्टरीणबाईही हसल्या, पण तेवढ्यापुरत्याच.

“विटकरी म्हणजे साखर फार. गूळ सोडला म्हणालात ना?”

“पाडव्यापासनं जिभंला लागला न्हाई. ह्या पोरीला इचारा. देवाचा निवद सुदिक कपाळाला लावून दुसऱ्याच्या हातावर ठिवतो.”

खरं होतं ते. ज्या माणसाने प्रत्येक काहिलीचा पहिला खडा जिभेवर ठेवून ‘झाला’ म्हणायचं, त्याने बाईंच्या एका शब्दावर गूळ सोडला होता.

“मंग ही साखर येती कुठनं?”

“भाकरीतून.”

मामंजी मोठ्याने हसले. “भाकरी कुठं गोड आसती का, बाई?”

“भाकरी, भात, पोळी, पोटात गेल्यावर सगळ्याची साखरच होते. गूळ सोडल्यावर जेवण वाढलं की नाही तुमचं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. गुळाचा खडा बंद झाल्यावर जेवण झाल्यासारखं वाटत नाही म्हणून ते आणखी एक भाकरी मागत, आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई, कौतुकाने वाढत. माणसाने एवढा गूळ सोडला, निदान भाकरीला तरी कमी करू नये.

“वेळेला एकच भाकरी,” बाई म्हणाल्या. “पोट भरायचं ते मटकीनं, हुलग्यानं, डाळीनं. पातळ पाणी नाही, घट्ट वाटीभर. ताक घ्या, मूठभर शेंगदाणे खा. अंडं चालत असेल तर...”

मामंजींचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला.

“राहू द्या, डाळ खा. या गोळ्या चुकवू नका आणि अनवाणी घराबाहेर पडू नका. संक्रांतीपर्यंत जखम भरली नाही, तर नगरला पाठवीन. तिथं घोट्यापासून पाय काढतील.” मग जरा थांबून म्हणाल्या, “भाकरीचं पटत नसेल, तर घरी गेल्यावर एक घास न गिळता चावत बसा. नुसता चावत.”

एस.टी.त ते सबंध वाटभर खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे वडील गुळवे, थोरले भाऊही गुळवे. दोघांनाही अशीच तहान लागायची, दोघांच्याही पायांना असंच काही झालं, आणि पन्नाशी न बघता दोघेही गेले. गाव म्हणायचं, काहिलीची बाधा. मामंजी त्या साली पन्नाशीच्या उंबऱ्यावर होते.

घरी आत्याबाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

“एक भाकरी? आगं, दीस दीस इस्तवापशी उभा ऱ्हातो त्यो मानूस! लोकं माझ्या तोंडात शान घालतील. म्हनतील छबूनं नवऱ्याला उपाशी ठिवला.”

“उपाशी नाही आत्याबाई, उसळ वाढू की.”

“उसळ तोंडी लावायला आसती, बाई. जेवन म्हंजी भाकर.”

हे मात्र खरं, आमच्या घरात जेवणाची अशीच रीत. भाकरी हे जेवण, बाकी सगळं कोरड्यास, भाकरी खाली उतरावी एवढ्यापुरतं. मी त्या संध्याकाळी ताट उलटं वाढलं. मधोमध मटकीची घट्ट उसळ, कडेला एक भाकरी. मामंजींनी ताटाकडे पाहिलं, भाकरी उलटी करून खाली आणखी एखादी आहे का ते पाहिलं.

“ह्ये काय, पोरी? मी काय बाळंतीन हाय व्हय?”

“बाळंतिणीला तर आपल्याकडं डाळही देत नाहीत,” मी म्हणाले. “नुसत्या भातावर काढलेत मी दिवस.”

त्यांनी ताट पुढे ओढलं. जेवले, पण रागातच. तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, पोरीला घ्यायचं झालं तरी आत्याबाईंना सांगत, “तुझ्या सुनंला म्हनावं, लेकरू दी.”

चौथ्या दिवशी दुपारी मी ओसरीवर पोरीला पाजत बसले होते. मामंजी पलीकडच्या खांबाला टेकून बसलेले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, कोरडाच तोंडात टाकला आणि डोळे मिटले. नव्या शेतातला ऊस चाखताना ते असेच डोळे मिटतात. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा शेतमालकांनाही ठाऊक असलेला नियम. मी पदर सावरला. जबडा हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. एकदा गिळायला झाले, पण थांबले.

मग डोळे उघडले.

“हाय,” ते म्हणाले.

“काय?”

“साखर. हाय हिच्यात.” आवाज अगदी खाली गेला होता. “उसावानी न्हाई. उसाची साखर फुडं यिऊन राम राम घालती. ही मागं बसल्याली. दम काढला मंग उठली.”

त्यानंतर ते जे उठले ते थेट चुलीपाशी. आत्याबाई बघतच राहिल्या. मामंजींनी बाजरीची भाकरी चाखली, ज्वारीची चाखली, शेजारच्या बनुबाईकडून पोळीचा तुकडा मागवला, शिळ्या भाताची चार शितं तोंडात धरली. प्रत्येक वेळी चूळ भरून, डोळे मिटून.

“भात लबाड हाय,” निकाल दिला. “तोंडात पडला की सुटला. बाजरी जरा मानी. पन घर सारं एकच, छबू. समदी साखरंच्या पोटची लेकरं.”

“आन् मटकी?” आत्याबाईंनी विचारलं.

मटकीचा घासही तसाच चावून पाहिला. बराच वेळ.

“हिच्यात लई न्हाई. ही आपल्या रंगात ऱ्हाती.”

मग ते पाटावर बसले आणि हातातल्या तुकड्याकडे बघत राहिले. “जलमभर गोडाची पारख केली म्या. आन् ही रोज जिभंवरनं जात हुती, हिला वळखलं न्हाई.”

पण त्या दिवसापासून त्यांना काही सांगावं लागलं नाही. बाईंचं त्यांनी ऐकलं असतं ते भीतीने. जिभेचं ऐकलं ते इमानाने. भुकेने रात्री तळमळायचे, हात कापायचे, तरी वेळेला एकच भाकरी. ताक पिऊन हुलग्याचं माडगं मागायचे आणि म्हणायचे, “घट्ट दी, पोरी. बैलाला दित्यात तसं. बैल काय येडा न्हाई.”

हंगाम सुरू झाला तेव्हा रेडिओवर लढाईच्या बातम्या चालू होत्या. गुऱ्हाळावर मात्र वेगळीच कुजबुज. गुळव्या चाखत नाही आणि जेवतही नाही! गुऱ्हाळाचे मालक सूर्यभानअण्णा घरी आले.

“पुंजाबा, राग नगं मानू. कोपरगावकडचा एक गुळव्या हाय, ह्या साली त्येला...”

“एक काहील बघा माझी,” मामंजी म्हणाले. “मंग आना कोपरगावचा.”

त्या दिवशी भाकरी घेऊन मीच गेले होते. मामंजी पायाला फडकी गुंडाळून, काहिलीखालच्या चुलवणापासून अंतर राखून उभे. रस पिवळा झाला, तांबूस झाला, त्याचे बुडबुडे जड होऊन फुटू लागले. त्यांनी बोटं गार पाण्यात बुडवली, पाकातून चिमूट उचलली, पुन्हा पाण्यात धरून तिची गोळी वळली आणि काहिलीच्या काठावर फेकली. टण्णकन आवाज झाला. त्यांनी हात वर केला. ढेप निघाली ती सोन्यासारखी. अण्णांनी खडा तोंडात टाकला आणि दुसरा उचलला. कोपरगावचा गुळव्या काही आला नाही.

जखम मात्र आपल्या गतीने चालली होती. कडा सुकत आल्या, टाचेकडची सूज उतरली. करंगळी काळी पडली ती पडलीच. संक्रांतीच्या आधी आम्ही पुन्हा संगमनेरला गेलो. नळीतलं पाणी या खेपेला हिरव्यावर थांबलं. डॉक्टरीणबाईंनी पाय उजेडात धरून पाहिला, पुन्हा पुन्हा दाबून पाहिला.

“करंगळी जाईल,” त्या म्हणाल्या. “पाय राहील.”

मामंजींनी हात जोडले. “ऱ्हाऊ द्या की ऱ्हायलं तेवढं. जाईल त्येला जाऊ द्या.”

करंगळी संगमनेरलाच काढली, नगरला जावं लागलं नाही.

फाल्गुनात माझ्या पोरीचं जावळ काढलं. माझा भाऊ कानिफनाथ तिला मांडीवर घेऊन बसला, आणि ती अशी रडली की अर्धं गाव न बोलावता आलं. अंगणात पंगत बसली. लापशी, आमटी, भात. लापशीला मामंजींच्याच हातचा गूळ. आमच्यात घरच्या कर्त्या माणसाने पहिला गोड घास घ्यायचा, मग पंगतीने हात घालायचा. वाढपी लापशीचं पातेलं घेऊन त्यांच्यापुढे वाकला. मामंजींनी पत्रावळीवर दोन्ही तळवे आडवे धरले.

पंगत थांबली.

“पुंजाबा, नातीचं जावळ हाय!” अण्णा म्हणाले. “आसं आडवं लावून आशुभ करू नगं. घासभर खा.”

“न्हाई अण्णा.”

“आरं, सा-सात भाकरीचा गडी तू! घासाला भितो व्हय?” दोघे-चौघे हसले. आत्याबाई दारात खाली मान घालून उभ्या होत्या. चारचौघांत त्यांचा हात ढळला असता, तर मी दोष दिला नसता.

मामंजींनी तळवे काढले नाहीत.

“भितो, अण्णा. बा भ्याला न्हाई, दादा भ्याला न्हाई. दोघांनी बी पंगतीत कधी न्हाई म्हनलं न्हाई. नातवंडं मातर कुनीच बघितली न्हाईत.” मग वाढप्याकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, “लापशी लोकांला वाढ, माझ्या हातची हाय, झक्कास हाय. मला आमटी आन. वरलं पानी नगं, बुडातली डाळ आन. आन् समदी हितंच उपसू नगंस. बायांच्या पंगतीला ठिव. लेकरं पाजत्यात त्या.”

अण्णांनी बाह्या मागे सारल्या. मग त्यांनीच लापशीत हात घातला आणि पंगत सुरू झाली.

बायकांची पंगत बसली तेव्हा माझ्या पत्रावळीवर डाळ पडली. घट्ट, पत्रावळीवर जागच्या जागी थांबणारी. शेजारच्या बनुबाईने स्वतःच्या पत्रावळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डाळीचाच पहिला घास घेतला.

उन्हं कलल्यावर पाहुणे गेले. मामंजींनी वहाणा काढल्या, न्हाणीच्या दगडावर बसून दोन्ही पाय धुतले, बाईंनी सांगितल्याप्रमाणे बोटांच्या बेचक्या बघून घेतल्या, आणि पोरीला उचलायला ओसरीच्या फरशीवरून आत आले. त्यांच्यामागे ओली पावलं उमटत गेली. डाव्याला पाच बोटं, उजव्याला चार. आत्याबाई केरसुणी घेऊन निघाल्या होत्या. त्या पावलांना वळसा घालून गेल्या, आणि फरशी आपोआप वाळली.