जिन्याखालचं यंत्र

जिन्याखाली पूर्वी रद्दी आणि फुटक्या बादल्या असत. आता तिथं भूकंप टिपणारं यंत्र होतं. अशी यंत्रं त्या भागात थोड्याथोड्या अंतरावर पेरलेली होती, कुणाच्या तळघरात, कुणाच्या गोदामात. बाईंच्या घरी फरशी फोडून, कुठल्याच भिंतीला न टेकणारा एक चौथरा त्याच्यासाठी बांधला होता.

बाई म्हणजे प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. मांडीचं हाड मोडल्यापासून त्यांचा पलंग खाली बैठकीत आला होता आणि मुलानं हाय खाल्ली होती. लिफ्टच्या इमारतीत त्यानं आईवडिलांसाठी जागा बघून ठेवली होती. रविवारी तो हे घर विकायचं पक्कं करायला येणार होता.

बाईंना घर सोडायचं नव्हतं. म्हणून रोज दुपारी नवरा घोरू लागला की त्या एका हातात काठी आणि दुसऱ्यानं कठडा धरून जिना चढायला शिकत. रविवारी सगळ्यांदेखत वर जायचं, मग कोण काय बोलतं ते बघू, असा त्यांचा बेत होता. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. त्यानं जिन्याला दार नसताना कुलूप घातलं असतं.

शुक्रवारी यंत्रवाली आली. ती बाईंचीच विद्यार्थिनी. वर्गात एका जागी ठरत नसे, म्हणून बाईंनीच तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं.

"काका, दुपारी घरात काय चालतं?" तिनं विचारलं.

"झोप. दुसरं काय चालणार?"

"मग फार जोरात झोपता. यंत्र रोज थरथरतंय."

"माझं घोरणं असेल. हिची जुनी तक्रार आहे."

यंत्राला मोठे धक्केच कळतात, असं बाई धरून चालल्या होत्या.

"बारीकसा भूकंप असेल गं," त्या म्हणाल्या.

भिंगरीनं लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. "बाई, एकच पोर म्हणालं की बाक हलला, तर तुम्ही काय करायचात?"

"शेजारच्या पोरांना विचारायचे."

"मग ही बघा शेजारची यंत्रं. खरा धक्का असता तर आधी जवळच्यांनी सांगितला असता, मग लांबच्यांनी. कुणाला कधी कळला यावरूनच तो कुठे झाला ते आम्ही काढतो. पण ही सगळी गप्प आहेत. तुमचं एकटंच बडबडतंय, आणि त्या बडबडीत खरे बारीक धक्के बुडतात."

बोलता बोलता ती थांबली. पडद्यावर एक ठोका, थोडी उसंत, पुन्हा ठोका. तिनं बाईंच्या काठीकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंनी नजर खाली घातली.

"वायर ढिली असेल," भिंगरी हळूच म्हणाली. "तसं लिहून टाकते."

आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलेल्या बाईंना ते सोसवेना. "खोटं लिहू नकोस. ती मी आहे. जिना चढते."

नवरा उठून स्वयंपाकघरात गेला, पातेलं आपटलं आणि परत आला. "पडली असतीस तर? मी खाली घोरत पडलेला."

"तुम्हाला सांगितलं असतं तर चढू दिलं असतंत?"



"काका, रागवा नंतर," भिंगरी म्हणाली. "आधी हे बघा. हे सुरुवातीचं. दोन ठोके आणि केवढी मोठी विश्रांती. हे कालचं."

त्यानं चष्मा लावला. कालचे ठोके एकामागून एक, न तुटता शेवटपर्यंत गेले होते.

"वरपर्यंत?" त्यानं बायकोला विचारलं.

"वरपर्यंत. खिडकीत बोटभर धूळ आहे. तुम्ही झाडत नाही."

तो म्हणाला, "यापुढे मी मागे उभा राहीन. एकटीनं चढायचं नाही." आणि भिंगरीकडे वळून, "पण मग तुझ्या यंत्राचं काय?"

"रोज बाई चढणार असतील, तर त्याला इथं राहता येणार नाही."

रविवारी मुलगा आला तेव्हा बाप परसात खड्डा खणत होता आणि भिंगरी तो किती खोल झाला ते मोजत होती.

"हे काय चाललंय?"

"यंत्र घराबाहेर काढतोय," बाप म्हणाला. "जिना तुझ्या आईला लागतो."

"आई कुठाय?"

बापानं फावड्यानंच वर दाखवलं. "चढताना मी मागे होतो." वरच्या खिडकीतून एक फडका झटकला गेला आणि सगळी धूळ लेकाच्या डोक्यावर आली.