चिखलातला लॉकिंग हब

मित्रांनो, मी एक जुना लॉकिंग हब आहे. तुम्ही मला ओळखत नसाल. चारही चाकांना जोर मिळणाऱ्या एका ट्रकच्या पुढच्या चाकाच्या मधोमध मी बसतो. पक्क्या रस्त्यावर हे चाक नुसतेच फिरते. चिखल लागला की माझी मूठ फिरवायची, मग मी आतल्या दातांनी चाक ॲक्सलला जखडतो आणि इंजिनाचा जोर त्यालाही मिळतो.

माझी मालकीण ट्रक स्वतः चालवते. डोंगरावरच्या वस्तीला ती छपराचे पत्रे आणि पिठाची पोती पोचवते. तिचा नवरा मेकॅनिक. सुरुवातीला चिखलातून निघालो की ती माझ्यावर थाप मारायची. पुढे डांबरी रस्ता झाला आणि मला सगळेच विसरले. आतले ग्रीस वाळून माती झाले, पाणी शिरले, बोल्ट ढिले पडले.

मग दरड कोसळून रस्ता खचला आणि पुन्हा ओढ्यातल्या जुन्या वाटेने जावे लागले. ओढ्याच्या चढावर तिने माझी मूठ कशीबशी फिरवली. जोर आला मात्र, माझा एक बोल्ट कटकन तुटला आणि ट्रक मागे घसरला. तिने तो डोंगराच्या अंगाला घातला म्हणून वाचली. मला फार शरम वाटली.

नवऱ्याने मला उघडले. "याचं काही खरं नाही. भंगारात टाकू."

"अहो, आधी बघा तरी. दात शाबूत आहेत त्याचे. नवा यायला वेळ लागेल, आणि वर वस्तीत धाकटीचे दिवस भरत आलेत."

धाकटी म्हणजे तिची बहीण. त्याने मला रॉकेलने धुतले, स्प्रिंग बदलली, ग्रीसचा पातळ थर लावला. मग नव्या बोल्टांच्या मधल्या जागेत भोके पाडून पोलादी पिना ठोकल्या, म्हणजे सगळा भार बोल्टांवरच पडू नये. पलीकडच्या चाकावरच्या माझ्या भावालाही तेच औषध मिळाले.

ती दोघे बहिणीला आणायला गेली. परतताना ओढ्यात चाके रुतली. बहिणीला कळा सुरू झाल्या होत्या.

"ताई, जरा हळू गं."

"हळू गेले तर तुझं बाळ चिखलातच पाय ठेवील."

बहीण कळ सोसतासोसता हसली. मेकॅनिक गुडघाभर चिखलात उतरला आणि त्याने आम्हा दोघा भावांच्या मुठी फिरवल्या. माझे दात बसले. भार आला तसा मी दात घट्ट धरून राहिलो. पिना हलल्या नाहीत. चाकाने खालचा खडक पकडला आणि ट्रक इंचाइंचाने वर आला. दवाखान्यात मुलगी झाली, मायलेकी सुखरूप.

आता मेकॅनिक मला नेमाने उघडून पाहतो. मी मजेत आहे. मित्रांनो, रोज लागत नाही म्हणून एखादी वस्तू विसरू नका. अधूनमधून पुसा, फिरवून बघा. अडचणीच्या दिवशी ती तुम्हाला नाही म्हणणार नाही. निदान मी तरी म्हणणार नाही.