देवमाशांच्या खाडीतली सायुन

बांधलेली बोट स्वस्थ उभी असते असे तुम्हाला वाटत असेल, तर मित्रांनो, एकदा धक्क्यावर येऊन माझ्याजवळ बसा. पोटाखालून पाणी सरकत असते, दोर ताणतो, सैल पडतो, पुन्हा ताणतो. भरती आली की वाटते निघावे. ओहोटी लागली की वाटते, निघायला उशीर झाला. माझे नाव सायुन. मी ओकच्या लाकडाची, रुंद पोटाची, दोन डोलकाठ्यांची जुनी बोट आहे. आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका खाडीत माझे सारे आयुष्य गेले आणि त्यात एक दिवसही मला धड चैन पडले नाही.

मला बांधले माझी मालकीण हाल्वेग हिच्या आजोबांनी. आमच्याकडे बोटीजोगी झाडे वाढत नाहीत, म्हणून लाकूड दुसऱ्या देशातून आले. फळ्या वाफेवर मऊ करून त्यांनी त्या माझ्या फासळ्यांवर वाकवल्या आणि फटींत डांबर लावलेला काथ्या ठोकून भरला. नाव दिले ते आपल्या बायकोचे. "हीसुद्धा एका जागी बसायची नाही," असे ते तेव्हा म्हणाले. आजी हसली नाही.

सुरुवातीची वर्षे हेरिंग मासळीची होती. जाळी इतकी भरून येत की माझा काठ पाण्याला टेके. धक्क्यावर मुली सुऱ्या घेऊन उभ्या असत आणि पिंपांत मासळी मिठात रचत. मग एका वर्षी हेरिंग आलीच नाही. पुढे कॉड मासळीवर दिवस निघाले, पण तोवर लोखंडी मोठी जहाजे आली होती. मला धक्क्याच्या टोकाला बांधून ठेवले. माझ्या रंगाचे पोपडे सुटले, सीगल पक्ष्यांनी माझ्या छपराची दशा करून टाकली.

आमच्या गावात वर्षाच्या शेवटच्या दिवशी मोठा जाळ करतात. निकामी झालेल्या लाकडी बोटी त्यात जातात. माझ्या शेजारी बांधलेली बोट तशीच गेली. पुढच्या खेपेला माझे नाव निघाले, तेव्हा हाल्वेग नगरपालिकेच्या माणसाला म्हणाली, "माझ्या आजीला जाळायला आलात होय? आधी मला विचारा."

तिचा भाऊ ग्रीमुर इंजिनाचे काम जाणणारा. तो म्हणाला, "हाल्वेग, हिला पाण्यात ठेवायला वर्षभर राबावं लागेल."

"मग राबू. तुला दुसरं काय काम आहे?"

त्यांनी माझ्या कुजलेल्या फळ्या बदलल्या. जिथे मासळी पडायची तिथे बाके बसवली. कारण आता आमच्या खाडीत उन्हाळ्यात पांढरी प्रवासी जहाजे येऊ लागली होती, घरांवर घरे रचावीत तशी उंच. त्यांतले लोक उतरून आमच्या धक्क्यावर येत आणि विचारत, देवमासे कुठे दिसतात, पफिन पक्षी कुठे दिसतात. हाल्वेग त्यांना जाड लोकरी कपडे चढवायला देई आणि मला घेऊन निघे. आधी पफिनच्या बेटाला वळसा, मग खाडीच्या तोंडाशी देवमासे. परतताना गरम कोको आणि दालचिनीचे पाव. लोक माझ्या लाकडावर हात फिरवून म्हणत, किती सुंदर बोट आहे. मला ते ऐकायला आवडे, नाही कशाला म्हणू?

हाल्वेगची मुलगी उना माझ्याच डेकवर चालायला शिकली. तिच्या अंगात माझ्यासारखीच बेचैनी होती. देवमासा दिसला की ती सुकाणूपाशी धावे. "आई, चल ना जवळ."

"आपण थांबायचं. त्याला यायचं असेल तर तो येईल."

"आणि नाही आला तर?"

"तर नाही."

उना मोठी झाली त्याच सुमारास आर्नकेल नावाच्या माणसाने रबरी काठांच्या वेगवान बोटी आणल्या. त्या पाण्यावरून उडत जात. मी खाडीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत त्या देवमासा पाहून परत फिरलेल्या असत. जहाजावरचे लोक तिकडे वळले. उनासुद्धा वळली. ती आर्नकेलची बोट चालवू लागली, तेव्हा माझ्या डेकवर मायलेकींचे बोलणे झाले.

"तुझ्या म्हातारीवर बसून माझं आयुष्य संपेल, आई."

"मी कुठे अडवतेय?"

"तू अडवत नाहीस. तू नुसती बघतेस. ते जास्त वाईट आहे."

ग्रीमुर इंजिनावरून डोके वर काढून म्हणाला, "उने, जातेस तर जा. पण डोक्याला टोपी घाल. त्या बोटींवर कान गोठतात."

त्यानंतरचे उन्हाळे मला जड गेले. उना मला ओलांडून जाई, तेव्हा तिच्या बोटीची लाट माझ्या कुशीवर आपटे. एखादा देवमासा वर आला की चार-पाच बोटी त्याला घेरत. तो खाली जाई, त्या त्याच्या मागे. लाकडाला पाण्यातले बरेच काही कळते, मित्रांनो. त्या इंजिनांची कर्कश घरघर मला तळापर्यंत जाणवे. मग खाली राहणाऱ्यांचे काय होत असेल?

त्या दिवशी सकाळपासून समुद्र गुळगुळीत होता. जहाजावरचे लोक माझ्यावर चढले. त्यांत ओटिली नावाच्या एक जर्मन बाई होत्या. त्यांना धक्का सोडताच मळमळू लागले. हाल्वेगने त्यांना काठाशी, खाली बसवले. बाईंनी गाल माझ्या फळीला टेकवला आणि डोळे मिटून घेतले. देवमासे पाहायला इतक्या दूर आलेल्या बाईंना डोळे उघडवेनात, याचे मला वाईट वाटले.

खाडीच्या तोंडाशी हंपबॅक जातीच्या देवमाशाची मादी होती. सोबत पिल्लू. उनाची बोट त्यांच्या मागे होती. रेडिओवर आर्नकेलचा आवाज सगळ्यांनाच ऐकू येत होता. "उना, लोकांना जवळून फोटो हवेत. अजून जवळ जा."

हाल्वेगने रेडिओ उचलला. "उना, पिल्लू आहे बरोबर. मागे हो."

उनाची बोट मागे वळली नाही. आणि मग समुद्राकडून धुके आले. आमच्याकडे ते भिंतीसारखे येते. बघता बघता बेट गेले, उनाची बोट गेली, माझी पुढची डोलकाठीसुद्धा गेली. हाल्वेगने वेग अगदी कमी केला. तेवढ्यात कुठेतरी एक जोराचा आपटल्याचा आवाज झाला. रेडिओवर उनाचा आवाज खरखरला. "पालथे झालोय... सगळे पाण्यात... आई..." आणि तो बंद पडला.

हाल्वेगचा चेहरा लाकडासारखा झाला. तिने बंदराला कळवले. बचावबोट निघाली, पण धुक्यात तिला वेळ लागणार होता. आमच्या गोठवणाऱ्या पाण्यात माणूस पडला तर फार वेळ उरत नाही. तरंगायचे कपडे असले तरी हात आधी जातात, मग धरण्याची ताकद.

"कुठल्या बाजूला?" ग्रीमुरने विचारले.

"मला वाटतं बेटाच्या कड्याकडे."

"वाटतं?"

"ग्रीमुर, मला दिसत नाहीये. तुला दिसतंय का?"

तिने इंजिन बंद केले आणि ती लोकांकडे वळली. "माझी मुलगी पाण्यात आहे. तिच्याबरोबर तुमच्यासारखेच लोक आहेत. आता कुणी बोलू नका. हलू नका. फक्त ऐका."

एक गृहस्थ हळूच म्हणाले, "आपलं जहाज सुटेल." त्यांची बायको म्हणाली, "सुटू दे." कॅमेरे खाली गेले. एवढी माणसे माझ्यावर असून मी रिकामी असल्यासारखी शांत झाले.

पण धुक्यात आवाज फसवतात. देवमाशाचा फुत्कार एकदा डावीकडून आला, एकदा मागून. कुणी म्हणाले शिट्टी ऐकली, तर तो पक्षी निघाला. आणि त्याच वेळी मला ते कळले. ठक. ठक ठक. पाण्यातून, माझ्या उजव्या कुशीवर. कोणीतरी पालथ्या बोटीच्या कडक तळावर वल्हे आपटत होते. मला दिशा कळत होती. मी जन्मभर हीच दिशा सांगण्यासाठी तडफडत होते असे मला वाटले. पण मित्रांनो, सुकाणू माझ्या हातात नसते आणि तोंड तर मला नाहीच. मी नुसती पाण्यावर डोलले.

तेव्हा काठाशी बसलेल्या ओटिलीबाईंनी डोळे न उघडता हात वर केला.

"कोणीतरी ठोकतंय," त्या म्हणाल्या. "लाकडातून येतंय. माझ्या कानात."

ग्रीमुर धावत येऊन आडवा झाला आणि त्याने उजव्या कडेच्या फळीला कान लावला. मग डाव्या कडेला जाऊन लावला. पुन्हा उजवीकडे आला. "हाल्वेग, या बाजूला जास्त आहे. उजवीकडे घे. सावकाश."

थोडे जायचे, इंजिन बंद करायचे, ऐकायचे. पुन्हा थोडे जायचे. आता सगळेच लोक माझ्या काठांना कान लावून पडले होते. म्हातारे, तरुण, ते जहाज सुटेल म्हणणारे गृहस्थसुद्धा. "पुढे," कुणी म्हणे. "नाही, जरा उजवीकडे." कधी माझ्यावर इतकी माया झाली नव्हती. पण ठकठक मंद होत चालली होती, दोन ठोक्यांमधले अंतर वाढत होते, आणि एकदा ती थांबलीच.

हाल्वेगने सुकाणू सोडले नाही. ती फक्त म्हणाली, "ठोक, उना. ठोक ग."

एक ठोका आला. अगदी जवळून. मग धुक्यात काळे, पालथे काहीतरी दिसले आणि त्याला बिलगलेली माणसे.

शिडी टाकली. माझ्यावरच्या लोकांनी एकेकाला ओढून घेतले. एकाचे ओठ निळे पडले होते आणि तो बोलत नव्हता. त्याला आत, इंजिनाच्या उबेत नेले. ओटिलीबाई आपली मळमळ विसरून त्याचे हात चोळत बसल्या. उना सगळ्यांत शेवटी आली. तिची बोटे वल्ह्यावरून सोडवावी लागली.

हाल्वेगने तिच्याकडे पाहिले. "टोपी कुठे आहे तुझी?"

"गेली."

हाल्वेगने आपली टोपी काढून तिच्या ओल्या डोक्यावर ओढली आणि ती पुन्हा सुकाणूपाशी गेली. तिचे खांदे हलत होते, ते मी पाहिले. ग्रीमुरनेही पाहिले आणि तो उगाच इंजिन पुसू लागला.

सगळे वाचले. निळ्या ओठांचा माणूसही काही दिवसांनी दवाखान्यातून घरी गेला. जहाज आमच्यासाठी थांबून राहिले होते.

धक्क्यावर आर्नकेल उभा होता. तो चांगला घाबरला होता. "धुकं असं अचानक आलं," तो सगळ्यांना सांगत होता. "त्याला कोण काय करणार?"

घोंगडीत गुंडाळलेली उना त्याच्यासमोर थांबली. "धुक्याचं काही नाही, आर्नकेल. मी त्या मादीच्या आणि तिच्या पिल्लाच्या मध्ये गेले. तिने शेपूट मारलं. जवळ जा असं तुम्ही म्हणालात, पण बोट मी चालवत होते."

उना त्याच्याकडे परत गेली नाही.

पुढचे अनेक दिवस ती ग्रीमुरमामाला घेऊन माझ्यावरून खाडीत जाई आणि दुर्बीण लावून बसे. एकदा ते पिल्लू दिसले. त्याच्या पाठीवर बोटीच्या पंख्याने कापावी तशी लांब, ताजी जखम होती. आई त्याच्या अंगाला अंग लावून पोहत होती. उनाने दुर्बीण खाली ठेवली. "मामा, हे जगेल का?"

"मला माहीत नाही, पोरी."

शरद ऋतूत देवमासे दक्षिणेला निघून गेले. ते पिल्लू पुन्हा आमच्या खाडीत कुणाला दिसलेले नाही. जगले असेल, दुसऱ्या खाडीत जात असेल, असे मी स्वतःला सांगते. पण दोर ताणला की तेच मनात येते.

आता हाल्वेगचे गुडघे शिडी चढू देत नाहीत. सुकाणू उनाकडे आहे. आर्नकेलच्या बोटी अजून आहेत. त्यांतल्या काही दूर थांबायला शिकल्या, काही शिकल्या नाहीत. मागच्या आठवड्यात आम्ही जहाजावरचे लोक घेऊन गेलो. लांब क्षितिजाशी एक फुत्कार दिसला. उनाने वेग कमी केला आणि ती थांबली. देवमासा आला नाही. एक पाहुणे चिडून म्हणाले, "तिकडे जात का नाही तुम्ही? तुमची बोट बंद पडली आहे का?"

उनाची बोटे सुकाणूवर वळवळत होती, तिचे तिकडे जाण्याचे मन मला कळत होते. माझेही होते. "बोट ठीक आहे," ती म्हणाली. "तो आपल्याकडे यायला निघालेला नाही, एवढंच." तिने सगळ्यांना कोको दिला. आम्ही रिकाम्या हाती परतलो.

धक्क्यावर काठी टेकून हाल्वेग उभी होती. "काय पाहिलंत?"

"समुद्र," उना म्हणाली आणि तिच्याकडे दोर फेकला. हाल्वेगने तो झेलला, खुंटाला गुंडाळला आणि मायलेकी घराकडे गेल्या.

मित्रांनो, तुम्हीही कधी उत्तरेला याल. माझ्या जुन्या फळ्यांना तोवर रंग देत राहा, असे मी उनाला सांगू शकत नाही, पण ती देते. तुम्हाला मात्र एक सांगते. समुद्रातल्या जिवांना पाहण्याची ओढ लागली तर ती लागू द्या. ओढ वाईट नसते, मला ती जन्मभर आहे. फक्त तिच्या मागे धावत कुणाच्या लेकराला त्याच्या आईपासून तोडू नका. दूर थांबा. काही दिसले नाही, तर तसेच घरी जा. त्या दिवशी समुद्र त्या जिवांचा होता, असे समजा.