एक कट्टा

रंजीताने सीडी संगणकात घातली आणि आईच्या छातीच्या स्कॅनचे तीनशे काप एकेक करून उघडले. आई, रुखमाबाई, जाऊन दीड महिना झाला होता. नागभीडजवळच्या गावी पुण्यानुमोदनाचा विधी आटोपून ती नागपूरला रुग्णालयात कामावर परतली होती. स्कॅन करताना रुग्णाच्या शरीरात किती किरण मुरतात, ते काढणं हेच तिचं काम. संगणकात एक माणूस उभा करायचा, त्याच्यावर कोट्यवधी किरण सोडायचे, कुठला कुठे अडला ते मोजायचं. आजवर हा माणूस सत्तर किलोचा, उंचापुरा आणि कुणाचाच कुणी नसलेला असे.

या वेळी तिने आई उभी केली. फुप्फुसं आणि बरगड्या कापांवरून घेतल्या. खांदे आणि दंड त्यांत पुरते आले नव्हते, ते शिंप्याकडे द्यायच्या मापाच्या ब्लाऊजवरून घेतले. छाती अठ्ठावीस इंच.

चंद्रपूरच्या स्कॅन सेंटरने दिलेल्या कागदावर किरणांचा डोस बारा होता. तो आईचा नव्हताच. यंत्र एका जाड प्लास्टिकच्या ठोकळ्याचा हिशेब छापतं, हे तिला पाठ होतं. आईच्या फुप्फुसांचा आकडा एकवीस आला. तिने तीनदा चालवून पाहिलं, तरी एकवीसच. मग कागदावरचं वजन पाहिलं. सत्तर किलो. जाड शरीराला लागतात तितके किरण त्या बारीक शरीरावर सोडले होते.

तिने भावाला फोन लावला. "प्रफुल, आईचं वजन तिथं कोणी सांगितलं होतं?"

"तिनंच. त्या पोरानं विचारलं, आजी, वजन किती? आई म्हणे, एक कट्टाबी नाई भरत बापा मी. तो हासला. मीबी हासलो."

कट्टा म्हणजे चाळीस किलो धान. आईने असे कट्टे जन्मभर डोक्यावरून वाहिले होते. तिला दुसरं माप ठाऊक नव्हतं, आणि तिचं उत्तर दोन किलोंच्या आत बरोबर होतं. आई अडतीस किलोची होती.

मंगळवारी रंजीता चंद्रपूरला गेली. सेंटरच्या डॉक्टरांनी तिच्या हिशेबाचे कागद उलटून पालटून पाहिले. "मॅडम, तुमच्या आईचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यातला होता. या डोसने काय फरक पडला?"

"काहीच नाही."

डॉक्टर वादाच्या तयारीत होते. त्यांनी कागद खाली ठेवले.

"आई त्याने गेली असं मी म्हणत नाही," रंजीता म्हणाली. "तुमच्याकडे जिवती-सिरोंच्याहून येणारी माणसं सत्तर किलोची नसतात, एवढंच म्हणते."

"सगळं मर्यादेत आहे. तक्रार करायची तर करा."

"केली आहे. तिचं उत्तर यायला सहा महिने लागतील. आज मी काटा घेऊन आले आहे."

तेवढ्यात प्रफुलने घरचा धानाचा काटा आणून स्कॅनच्या दारात ठेवला.

"इथे काय धान मोजणार?"

"मोजू ना डॉक्टरसाहेब. पहिले तुमीच उभे राहा. दोन कट्टे तं आरामात भरान."

बाकावरची माणसं हसली. डॉक्टर हसले नाहीत. "काटा उचला. पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलवा. वजन करणं कुठल्या कलमात बसतं, तेही विचारू त्यांना," रंजीता म्हणाली.

यंत्रावर बसणारा मिथुन पुढे आला. "ताई, तुमच्या आईचं मीच भरलं होतं. वजनाची जागा रिकामी सोडली का मशीन सत्तर घेते. मले वाटलं, आजी मस्करी करून राह्यली."

या माणसाला काय बोलायचं, ते तिने प्रफुलच्या फोनपासून मनात घोळवलं होतं. ते सगळं तिने बाजूला ठेवलं. पिशवीतून एक तक्ता काढून त्याच्या हातात दिला: इतकं वजन, तर यंत्राचा इतका करंट, म्हणजे इतकेच किरण. "चाळीसच्या खालचे आकडे आईच्या शरीरावर काढलेत. नीट वापर."

"करंट कमी करून फोटो खराब आला तर?" डॉक्टर म्हणाले. "पुन्हा काढावा लागेल. मग डोस दुप्पट. जबाबदारी कोणाची?"

"माझी. लिहून देते. मी इथून हलत नाही."

पुढचा नंबर जिवतीच्या बुधरीबाईचा होता. ती काट्याकडे पाहून म्हणाली, "मले विकता का काय?" पण चढली. प्रफुल सवयीने ओरडला, "कट्ट्याले चार कमी."

मिथुनने छत्तीस भरलं, तक्त्यावर बोट ठेवलं आणि डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी बाकावरच्या रांगेकडे पाहिलं. तिथे आता कुणी हसत नव्हतं. "लाव," ते म्हणाले.

चित्र पडद्यावर आलं. थोडं दाणेदार होतं. डॉक्टर वाकून वरून खालपर्यंत पाहत राहिले. रंजीताने श्वास धरून ठेवला होता, जसा यंत्र धरायला सांगतं.

"दिसतंय," अखेर ते म्हणाले. "सगळं दिसतंय." आणि वळता वळता, "तो काटा संध्याकाळी घेऊन जा."

"नाही," रंजीता म्हणाली. "आमचं धान निघायला अजून दोन महिने आहेत. तोवर हा इथेच राहील, तुम्ही तुमचा आणा."