एक कंस राहिला

मी भागाकार बोलतोय. वहीत माझ्या आडव्या रेघेच्या वर-खाली एकेक टिंब असतं. कॉम्प्युटरमध्ये टिंबं जातात, नुसती तिरकी रेघ उरते. माझ्याच बटणावर प्रश्नचिन्हही आहे. पण त्यासाठी शिफ्ट दाबावं लागतं, म्हणून ते फारसं कुणी वापरत नाही.

परळच्या एका चाळीत दहावीतली संघमित्रा मला वापरते. तिची थोरली बहीण दीपिका मुलींच्या दहीहंडी पथकात सगळ्यांत खालच्या थरात उभी राहते. मागच्या वर्षी सरावात तिचा खांदा निखळला. यंदा तसं होऊ नये म्हणून संघमित्राने प्रोग्रॅम लिहिला. वरच्या मुलींचं एकूण वजन दिलं, की खालच्या एकेकीवर किती भार येईल ते कळणार. पन्नास किलोच्या वर गेला तर कुणी चढायचं नाही, असं पथकाच्या कांताताईंनी बजावलं होतं.

खालच्या थरात सहाजणी. त्यांतल्या दोघी फक्त आधाराला. त्यांच्या खांद्यावर कुणी चढत नाही. म्हणून संघमित्राने लिहिलं:

वजन / 6 - 2

सहातून दोन जावेत आणि मग मी चौघींत वाटावं, असं तिच्या मनात होतं. पण मनातलं मला दिसत नाही. कंस नसेल तर वजाबाकीच्या आधी माझी पाळी. शाळेत तिने 'कंचेभागुबेव' घोकलं होतं. त्यात कंसच पहिला. घाईत नेमका तोच राहिला.

दोनशे चाळीस किलोचे मी सहा वाटे केले. चाळीस आले. वजाबाकीने त्यातून दोन काढले. पडद्यावर अडतीस. खरे साठ होते.

"अडतीसच?" कांताताई हसल्या. "मग मनूलापण चढवू. चोवीस किलोची तर आहे पोर."

"बघ! उगाच घाबरवत होतीस सगळ्यांना," दीपिका म्हणाली.

"तू गप गं. परत बघते." संघमित्राने मनूचं वजन मिळवून प्रोग्रॅम पुन्हा चालवला. "बेचाळीस. चालेल."

मी दोन्ही वेळा सांगितलं तसंच केलं. माझी हीच गोष्ट मला भयंकर वाटते.

लॅपटॉप उघडाच टाकून त्या मैदानात गेल्यात. खिडकीतून शिट्ट्या ऐकू येतात. प्रत्येक थराला एक. पहिली झाली. दुसरी झाली.

संघमित्रा, धावत वर ये. नऊ आणि शून्याच्या बटणांवर कंस आहेत. तेवढे दोन घाल आणि मला पुन्हा विचार.

तिसरी झाली. आता फक्त मनू उरली आहे.

खाली सगळे टाळ्या वाजवतायत.