आणाइकडे मावशी आणि अडकलेलं दार

मावशींना सगळी गल्ली मागून 'आणाइकडे' म्हणायची, आणि मावशींना ते ठाऊक होतं. टपाल कचेरीच्या पार्सल-खिडकीत त्यांचा जन्म गेला होता. समोरच्याने पुडकं पिशवीतून काढायच्या आत यांचा हात खिडकीबाहेर, "आणा इकडे!" वजन, शिक्का, पावती, पुढचा! निवृत्तीनंतर खिडकी सुटली, हात काही सुटला नाही.

आता तो हात लोकांच्या फोनवर पडायचा. दर मंगळवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत म्हाताऱ्या माणसांचा फोनचा वर्ग भरे. मावशींनीच तो काढला होता, गल्लीतल्या चार जणांना कामाला जुंपून. कुणाला नातवंडांचे फोटो पाहायचे असत, कुणाला डॉक्टरांची वेळ घ्यायची असे. एका आजोबांना फक्त हवामान बघायचं असे, तेही आपलं नाही, बहिणीच्या गावचं. ज्यांना जिने उतरवत नसत त्यांच्याकडे मावशी स्वतः जात. काम एकदम चोख. खोट एकच, की शिकून कुणी जात नसे. "हे बघा, इथे दाबायचं, मग असं... जाऊ दे, आणा इकडे!" काम व्हायचं, माणूस खूश होऊन जायचा आणि पुढच्या मंगळवारी तोच प्रश्न घेऊन दारात हजर. मावशींना याचं वाईट वाटत नसे. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटे. खिडकीपुढे रांग नसेल तर खिडकीत बसायचं कशाला?

या सगळ्यांत मावशींना पुरून उरले ते एकच, तिसऱ्या मजल्यावरचे प्रॉम्प्टरकाका.

काकांनी उभं आयुष्य एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून काढलं होतं. विंगेतल्या अंधारात वही घेऊन बसायचं आणि नट अडला की त्याला शब्द पुरवायचा, तो असा की नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. त्यामुळे काका कुजबुजत बोलत. भाजीवाल्याशीही कुजबुजत. त्यांची बायको होती तोवर दोघांच्या वाटचं ती एकटीच बोलायची. ती गेल्यावर घरात आवाज असा उरलाच नाही. पाय ठणठणीत असूनही काका वर्षभरात जिना उतरले नव्हते. "उतरून जायचं कुठे?" हे त्यांचं उत्तर, आणि तेही नीट ऐकू येत नसे.

मुलगी दूर देशी. तिने फोन पाठवला, मावशींनी तो लावून दिला आणि दर रविवारी अकराला व्हिडिओवर बोलायचं ठरलं. मावशी असल्या की फोन मावशींच्या हातात. मुलीला समोर मावशी दिसत, आणि काका हळूहळू सरकत कपाटाआड जात. उजेड दिसला की बाजूला व्हायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. मावशी नसल्या की काका फोन टेबलाला टेकवून ठेवत आणि खुर्चीच्या बाजूला, चौकटीबाहेर, उभे राहून कुजबुजत. मुलीला दिसे रिकामी खुर्ची. ऐकू येई ती नुसती शब्दांची खसखस.

शेवटी मुलीने मावशींनाच फोन केला.

"मावशी, बाबांचं काही खरं नाही. आवाज गेलाय त्यांचा. चेहराही दाखवत नाहीत. काहीतरी लपवतायत."

"अगं, ते तसेच आहेत. मी बघते ना त्यांना."

"तुम्ही बघता, मला दिसत नाहीत. मला तुम्ही छान दिसता, मावशी. बाबा कुठे दिसतात?" मग ती म्हणाली, "मी तिकीट काढलंय. घर बंद करून त्यांना इकडेच आणते."

मावशींनी निरोप पोचवला तेव्हा काकांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर बायकोने मारलेला एक वाकडा खिळा होता, ज्यावर कधीच काही टांगलं गेलं नव्हतं. "मी इथून हलायचा नाही, बाई," ते म्हणाले. तेवढं मात्र मावशींना स्वच्छ ऐकू आलं.

"मग या रविवारी बघच," मावशींनी मुलीला परत फोन करून ठणकावलं. "बाबा दिसले नाहीत, ऐकू आले नाहीत, तर खुशाल ने."

बोलून तर बसल्या. रविवारी पावणेअकराला त्या जिना चढल्या तेव्हा बेत अगदी पक्का होता. काकांना खुर्चीत दाबून बसवायचं, पडदा सरकवायचा, फोन आपल्या हातात धरायचा आणि काका सरकले की फोनही सरकवायचा. त्यांनी घंटी वाजवली. आतून खडखड झाली. मग खट् असा आवाज, आणि दार बंदच.

"काका?"

दारापलीकडून खसखस.

"काही ऐकू येत नाही!"

दाराच्या मध्यावर जुन्या पद्धतीची पत्रांची फट होती, वर पितळी झापड. मावशींनी वाकून झापड उचललं. आत पायजम्याचे गुडघे दिसले आणि वरून एक हात खाली आला. हातात लॅचची मूठ.

"ही हातात आली," गुडघे कुजबुजले.

"किल्ली द्या."

किल्ली फटीतून बाहेर आली. मावशींनी ती घातली, फिरवली, पुन्हा फिरवली. किल्ली गरागरा फिरली, दार ढिम्म. त्यांनी सुताराला फोन लावला. "अर्ध्या तासात आलोच," सुतार म्हणाला. सुताराचा अर्धा तास म्हणजे काय ते मावशींना पुरेपूर माहीत होतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "काका, फोन कुठाय? आणा इकडे!"

फटीतून फोनचा कोपरा बाहेर डोकावला. पार्सल-खिडकीतल्या नजरेने मावशींनी आधीच मोजलं होतं, फोन येणार, अगदी चापून पण येणार. त्यांनी तो धरला. अर्धा बाहेर आला आणि तिथेच त्यांचा हात थबकला. अकराला हा फोन वाजणार, तो आपण उचलणार आणि मुलीला काय दिसणार? आपला चेहरा आणि मागे बंद दार. मला तुम्ही छान दिसता, मावशी.

त्यांनी फोन परत आत ढकलला.

"हे पार्सल तुमच्या पत्त्यावरचं आहे. तुम्हीच घ्या."

पलीकडून पुन्हा खसखस.

"ऐकू येत नाही म्हटलं ना! मध्ये दार आहे, काका. मोठ्याने!"

"मला नाही जमायचं!" दार हादरलं. "मी पुढे येणारा माणूस नव्हे!"

समोरचं दार उघडलं आणि समोरच्या वहिनी हात पुसत बाहेर आल्या. "कोण ओरडतंय हो?"

"प्रॉम्प्टरकाका."

"अगंबाई, त्यांना आवाज आहे?"

"आहे तर. मीही आत्ताच ऐकला." मावशी फटीशी उकिडव्या बसल्या. "काका, लक्ष द्या. फोन वाजला की खाली एक हिरवा गोल येईल, त्याच्यावर बोट ठेवायचं, पण नुसतं दाबायचं नाही, बोट वर ओढायचं, लाल गोलाला हात लावायचा नाही, मग वर कोपऱ्यात छोट्या चौकोनात तुम्ही दिसाल, त्यात हनुवटी येतेय का—"

"बाई, थांबा." आवाज कुजबुजता नव्हता, करडा होता. कंपनीतल्या नवशिक्यांना तो माहीत असावा. "तुम्ही अख्खा प्रवेश सांगताय. असं केलं तर नट आहे तेही विसरतो. फक्त पहिला शब्द द्यायचा. पुढचं त्याचं त्याने आणायचं."

"आणि नाही आलं तर?"

"तर वाट बघायची. तेच तर कठीण असतं. हात शिवशिवतात. पण मी कधी विंगेतून धावत जाऊन नटाची तलवार स्वतः उपसली नाही."

वहिनी खुदकन हसल्या. मावशी हसल्या नाहीत, कारण टोला बरोबर जागी बसला होता.

आणि फोन वाजला.

आत काकांचे गुडघे जरा बाजूला सरकले. फोन वाजतच राहिला. मावशींचा हात आपणहून फटीत शिरला, मनगटापर्यंत गेला, आणि पितळी झापड त्यावर सपकन बसलं. "आई गं!" हात बाहेर आला. तो त्यांनी दुसऱ्या हाताने पाठीमागे धरून ठेवला, द्वाड पोराला धरावं तसा.

"हिरवा," त्या म्हणाल्या.

फोन वाजतोय.

"वर."

वाजणं थांबलं. "बाबा?" दूरचा, काळजीने ताणलेला आवाज. "बाबा, आज तर अंधारच दिसतोय. मावशी आहेत का तिथे?"

मावशींनी ओठ मिटले. काका वाट बघत होते, हे त्यांना दारातून कळलं.

"दिवा."

खट्. झापडाच्या कडेखालून उजेडाची एक पट्टी मावशींच्या मांडीवर पडली.

"बाबा!" आवाज एकदम बदलला. "तुम्ही दाढी केलीय!"

खसखस.

"काय? बाबा, ऐकू येत नाही."

"आवाज," मावशी म्हणाल्या.

"काल रात्रीच करून ठेवली," काका म्हणाले. खणखणीत. जिन्यात घुमेल असं. "सकाळी हात थरथरतात. वय झालं, बाळ. पण कापलं कुठेच नाही, बघ. हा गाल. हा दुसरा."

मुलगी हसली, आणि हसता हसता तिचं नाक सुरसुरलं. "कुठे उभे आहात पण? मागे चपला दिसतायत."

आता मात्र काका अडले. मावशींनी शब्द शोधला. शब्द नव्हता. खोटं बोला म्हणावं तर पुढे सगळंच खोटं, आणि खरं सांगा म्हणावं तर मुलगी उद्याच विमानात बसेल. वहिनींनी भुवया उडवून विचारलं, काय सांगायचं? मावशींनी मान हलवली. हे वाक्य वहीत नव्हतं.

"दाराशी उभा आहे," काका म्हणाले. "दार अडकलंय. मूठ हातात आली. ही बघ."

"म्हणजे? तुम्ही आत कोंडले गेलात? एकटे?"

"एकटा कुठला? दारापलीकडे मावशी बसल्यात. त्यांच्यामागे समोरच्या वहिनी असणार, हसल्या मघाशी. सुतार वाटेवर आहे, आणि तू इथे माझ्या हातात आहेस. हाउसफुल्ल आहे आज."

"बाबा, घाबरला नाहीत?"

"घाबरलो होतो. दाराला नाही. ह्या फोनला."

मावशींनी मागे धरलेला हात आणखी घट्ट धरला.

"तिकिटाचं काय करू मग?" मुलीने विचारलं. प्रश्न खराच होता.

"काढलंच आहेस तर ये. न्यायला नको, राहायला ये. तुझ्या आईने मारलेला खिळा अजून रिकामा आहे. त्यावर काय टांगायचं ते एकदाचं ठरवू. आणि तोवर दर रविवारी अकराला मी असाच दिसेन. नाही दिसलो तर खुशाल ने."

"नक्की?"

"हिरवा, वर, दिवा, आवाज," काका म्हणाले. "पाठ झालं."

सुतार आला तेव्हा फोन कधीच संपला होता आणि वहिनींनी जिन्यातच चहा आणला होता. काकांचा चहा मात्र थांबला होता, कारण कप काही फटीतून जात नव्हता. लॅच निघाला, दार उघडलं. काका कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, आणि खाली गुडघ्यावर फाटलेला पायजमा.

"हे काय हो?" वहिनी म्हणाल्या.

"खालचं कॅमेऱ्यात येत नाही," काका म्हणाले. "तेवढं मला समजतं."

त्या मंगळवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक नवीन आजी आल्या. फोन रुमालात बांधून आणलेला. त्यांनी गाठ सोडली आणि फोन मावशींपुढे धरला. "मला काही कळत नाही, बाई. तुम्हीच करून द्या."

मावशींचा हात पुढे निघाला. "आणा इ—"

मागच्या बाकावरून, जिथे वर्षभराने जिना उतरलेले काका भिंतीला टेकून बसले होते, एक कुजबुज आली. मावशींना ऐकू जाईल आणि आजींना जाणार नाही, अशी.

"हात."

मावशींनी हात मांडीखाली घेतला आणि त्यावर नीट बसल्या.

"धरा तुमच्याकडेच," त्या आजींना म्हणाल्या. "कुणाला फोन करायचाय, ते आधी सांगा."