संत माक्सिमुसची शेजारीण

रोमन आफ्रिकेतल्या नुमिदिया प्रांतातलं आमचं गाव, दर तिसऱ्या घरात एक माक्सिमुस. गावच्या संताचं नाव ते, म्हणून. पुढं कार्थेजच्या एका सेनापतीनं स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं, त्याचंही नाव माक्सिमुस निघालं. गावाची छाती फुगली. पंचांचा मुख्य फ्लोरेंतियुस, त्यानं चौकात या सम्राटाच्या नावाचा दगड बसवला. द्राक्षं पिकायच्या आत त्याचं डोकं उडालं आणि खऱ्या सम्राटाचा हुकूम आला: नाव खोडा.

हुकूम चौकातल्या दगडापुरता होता. पण निष्ठा दाखवायची तर हात आखडता कशाला? फ्लोरेंतियुस छिन्नीवाले घेऊन कबरस्तानात शिरला.

नामगिद्दा म्हातारी लेकाच्या कबरीवर आडवी पडली. संताशेजारची ती जागा तिनं जुन्या बिशपच्या पाया पडून मिळवली होती.

"मालक, माझा माक्सिमुस घाण्यावर तेल गाळायचा. त्यानं कुणाचं राज्य बळकावलं? एवढं नाव तरी राहू द्या त्याचं."

"नाव तेच ना? ऊठ, म्हातारे."

"मग हा शेजारचा? संत?"

फ्लोरेंतियुस घुटमळला. "त्याचंही खोडा. उगाच कुणी बोट दाखवायला नको."

छिन्नी चालली. मी चर्चमध्ये ग्रंथ वाचून दाखवणारा माणूस. निषेध म्हणून खोकलो.

पुढच्या वर्षी नवा सुभेदार आला. त्याचं नाव माक्सिमुस. संताच्या सणाला तो जातीनं येणार म्हटल्यावर पंचांना भक्तीचा पान्हा फुटला. संताचं नाव पुन्हा कोरायचं ठरलं. पण कुठल्या दगडावर? दोन्ही कबरी सारख्याच. बिशप नवा. आणि सणाला गाव तिथं जातं ते कबरीवर ओतून संताला दारू पाजायला. संताच्या वाट्याला घोटभर, बाकी भक्तांच्या. शुद्धीत परतलेलं कुणी नव्हतंच.

"आजी, तुम्ही रोज येता इथं," फ्लोरेंतियुस मधाळ आवाजात म्हणाला. "आपला संत कुठला हो?"

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. मला खोकला आला नाही. तिनं लेकाच्या कबरीकडे बोट केलं. "हा."

सुभेदारानं गुडघे टेकले. बिशपनं डोळे पुसले. लोकांनी लापशी वाढली, दारू ओतली. घाण्यावरच्या पोराला जन्मात एवढी मिळाली नव्हती. दगडावर पुन्हा नाव आलं, पहिल्यापेक्षा ठळक.

गर्दी पांगल्यावर नामगिद्दानं उरलेली लापशी शेजारच्या कोऱ्या दगडावर ठेवली.

"त्याला कशाला, आजी?" मी विचारलं.

"असू दे रे," ती म्हणाली. "बिचाऱ्याचं आता कोण आहे?"